लेक डिस्ट्रिक्टमधली भुतं कोणाची, आणि व्हायकिंग गेले कुठे?

वायव्य इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रासमियरहून केझिककडे जाणारा ए-५९१ रस्ता एक खिंड चढून जातो. खिंडीचं नाव डनमेल रेझ. एका अंगाला स्टील फेल, दुसऱ्या अंगाला सीट सँडल, असे दोन डोंगर. माथ्यावर रस्ता दुभंगतो आणि मधल्या पट्ट्यात दगडांचा एक मोठा ढीग दिसतो. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात.

या ढिगाखाली कंब्रियाचा, म्हणजे याच भागातल्या जुन्या राज्याचा, शेवटचा राजा डनमेल पुरलेला आहे, असं तिथली दंतकथा सांगते. ९४५ साली इंग्लंडचा राजा एडमंड आणि स्कॉटलंडचा राजा माल्कम या दोघांनी मिळून त्याला या खिंडीत गाठलं. डनमेल पडला. त्याचा मुकुट शत्रूच्या हाती लागू नये म्हणून काही सैनिक तो घेऊन डोंगर चढले आणि वर असलेल्या ग्राइसडेल टार्न नावाच्या तळ्यात त्यांनी तो टाकून दिला. दरवर्षी त्या सैनिकांची भुतं तळ्यातून मुकुट बाहेर काढतात, खिंडीत उतरतात आणि दगडांच्या ढिगावर भाल्याने ठोकतात. आतून आवाज येतो, "अजून नाही, अजून नाही. थोडं थांबा, वीरांनो." मग ते मुकुट घेऊन परत जातात.

गोष्ट सुरेख आहे. पण त्या काळच्या नोंदी वेगळंच सांगतात. ९४५ साली एडमंडने कंब्रिया लुटला आणि जमिनीवर व समुद्रावर साथ देण्याच्या अटीवर तो माल्कमच्या हवाली केला, एवढं इंग्रजांच्या जुन्या बखरीत येतं. डनमेलचं खरं नाव डिव्हनवाल. तो त्या वर्षी मेलाच नाही. पुढे तीसेक वर्षं तो जगला आणि ९७५ मध्ये रोमच्या यात्रेत वारला. दगडांचा ढीग बहुधा हद्दीची खूण असावा. कंबरलंड आणि वेस्टमोरलंड या दोन जुन्या परगण्यांची सीमा याच खिंडीतून जात होती.

म्हणजे राजा खरा, स्वारी खरी, ढीग खरा. त्यांना जोडणारा धागा तेवढा लोकांनी विणलेला. लेक डिस्ट्रिक्टचा इतिहास समजून घ्यायचा तर हा धागा कुठे सुरू होतो ते ओळखता यायला हवं. या भागात दहाव्या शतकात व्हायकिंग येऊन कायमचे राहिले, आणि नंतरच्या हजार वर्षांत याच डोंगरदऱ्यांत भुताखेतांच्या शेकड्याने गोष्टी रुजल्या. पण त्या गोष्टींत डोकावलं तर भूत राजाचं असतं, साधूचं असतं, फासावर गेलेल्या शेतकऱ्याचं असतं. व्हायकिंगांचं भूत जवळपास भेटत नाही. असं का, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं कोडं वाटतं.

लुटारू नव्हे, बिऱ्हाड घेऊन आलेले

आधी व्हायकिंगांचं. शिंगांचं शिरस्त्राण घातलेला दाढीवाला दर्यावर्दी हे चित्र डोक्यातून काढून टाकायला हवं. युद्धात वापरलेलं शिंगांचं व्हायकिंग शिरस्त्राण आजवर एकही सापडलेलं नाही. लुटालूट मात्र खोटी नाही. ७९३ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर त्यांनी घातलेला छापा युरोपभर गाजला. ८६५ मध्ये मोठी फौज उतरली, पुढच्या वर्षी यॉर्क पडलं, आणि दहा वर्षांनी त्या फौजेतल्या लोकांनी आसपासच्या जमिनी आपसांत वाटून घेऊन नांगर धरला. हे मुख्यतः डेन्मार्ककडचे.

लेक डिस्ट्रिक्ट पश्चिमेला आहे आणि इथे आलेली मंडळी वेगळी होती. मूळ नॉर्वेकडची, पण थेट नॉर्वेहून आलेली नव्हेत. त्यांच्या आधीच्या पिढ्या स्कॉटलंडच्या बेटांवर, आयल ऑफ मॅनवर आणि आयर्लंडमध्ये स्थिरावल्या होत्या. डब्लिन हा त्यांचा मोठा तळ. ९०२ मध्ये आयरिश राजांनी एकत्र येऊन त्यांना डब्लिनमधून हुसकावून लावलं. घरदार गेलेले हे लोक समुद्र ओलांडून समोरच्या किनाऱ्याला लागले. स्वच्छ दिवशी कंब्रियाच्या किनाऱ्यावरून आयल ऑफ मॅन नुसत्या डोळ्यांनी दिसतं, इतका हा समुद्र अरुंद आहे. सगळे एकाच वर्षी आले असं नाही. कोणी आधी, कोणी नंतर, काही पूर्वेकडून स्टेनमोरचा घाट उतरून.

इथे आधीपासून दोन प्रकारचे लोक होते. एक जुने ब्रिटन, म्हणजे वेल्श लोकांचे भाऊबंद, ज्यांचा राजा डनमेल. दुसरे इंग्रजी बोलणारे अँगल. त्यांच्या जोडीला हे तिसरे आले. खोऱ्यांच्या तळाची सुपीक जमीन बरीचशी आधीच्यांकडे होती. त्यामुळे नव्यांपैकी अनेकांनी वरच्या अंगाची झाडी तोडली, उतारावर मेंढ्या घातल्या आणि वस्त्या केल्या.

हे सगळं लिहून ठेवलेलं मात्र कुठेच नाही. दहाव्या शतकातल्या कंब्रियाबद्दल लेखी पुरावा जवळपास नाहीच. १०८६ मध्ये विल्यम राजाने इंग्लंडभरच्या जमिनींची जी प्रचंड मोजणी करवली, तिच्यातही या भागाचा बहुतेक हिस्सा आलेला नाही. कार्लाइल शहरच इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात आलं ते १०९२ मध्ये. मग आपल्याला कळतं कसं? गावांची नावं, कोरलेले दगड आणि थडगी, या तीन वाटांनी.

नकाशा वाचायला शिका

आपल्याकडे वाडी, पाडा, खुर्द, बुद्रुक यावरून वस्तीचा प्रकार कळतो, तसंच इथे नावाच्या शेपटीवरून कळतं. डोंगराला तिथे फेल म्हणतात. ओढ्याला बेक. डोंगरातल्या छोट्या तळ्याला टार्न. घळीला गिल, धबधब्याला फोर्स, खोऱ्याला डेल. हे सगळे शब्द जुन्या नॉर्स भाषेतले, म्हणजे व्हायकिंगांच्या बोलीतले. दक्षिण इंग्लंडमध्ये ओढ्याला कोणी बेक म्हणणार नाही. इंग्लंडमधला सर्वांत उंच डोंगर, ९७८ मीटरचा स्केफेल पाइक, हाही एक फेलच.

सगळ्यांत बोलकी शेपटी थ्वेट. अर्थ, झाडी तोडून मोकळी केलेली जागा. ब्रेथवेट म्हणजे रुंद मोकळीक. सीथ्वेट, रोस्थ्वेट, सॅटरथ्वेट अशी किती तरी नावं आहेत. त्यांवर बोट ठेवत गेलं की कुऱ्हाडी कुठे कुठे चालल्या याचा नकाशा तयार होतो. सॅटरथ्वेटमधला पहिला भाग उन्हाळ्यात गुरं वर नेऊन राहायच्या झोपडीचा. हिवाळा खाली, उन्हाळा वर, ही नॉर्वेतली गुराख्यांची रीत त्यांनी इथेही चालू ठेवली.

मग आयर्लंडचा संबंध कसा सिद्ध होतो? ॲस्पाट्रिया नावाचं एक गाव आहे. नॉर्समध्ये आस्क म्हणजे ॲशचं झाड. नावाचा अर्थ पॅट्रिकचं ॲश. नॉर्स माणूस साध्या रीतीने म्हणाला असता तर पॅट्रिक आधी आला असता आणि झाड मागून. आयरिश भाषेत उलट, आधी वस्तू, मग धनी. म्हणजे नाव ठेवणाऱ्याचे शब्द नॉर्स होते, पण बोलायची ढब आयरिश होती, आणि ज्याचं नाव दिलं तो संतही आयर्लंडचा. दोन पिढ्या आयरिश शेजारात काढल्याशिवाय असं नाव सुचत नाही. जवळच आयर्बी आहे, म्हणजे आयरिश लोकांचं गाव. किनाऱ्याकडे बर्कबी आहे, म्हणजे ब्रिटनांचं गाव. नवे लोक शेजाऱ्यांना कोण म्हणून ओळखत होते ते या दोन नावांत नोंदलं गेलंय.

इथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते, कारण उत्साहाच्या भरात ती विसरली जाते. बी शेपटी असलेलं प्रत्येक गाव व्हायकिंगांनीच वसवलं असं नाही. पॉन्सनबी आणि जॉनबी बघा. त्यांत बाराव्या शतकात फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन जमीनदारांची नावं आहेत. शब्द स्थानिक बोलीत मुरला आणि पुढच्यांनीही तो वापरला. बेक तर आजही वापरतात, म्हणून नकाशावरचा एखादा बेक तीनशे वर्षांपूर्वीचाही असू शकतो. नाव सांगतं ते भाषा किती खोल रुजली ते. पहिलं घर कोणी बांधलं ते नाव एकटं सांगू शकत नाही.

मेंढपाळांच्या बोलीत तर ही भाषा अजून ताजी आहे. डोंगरावर कुंपण नसताना एकेका कळपाला आपलं कुरण ठाऊक असतं. आई मेंढी कोकराला ते शिकवते. या कुरणाला हीफ म्हणतात आणि हाही शब्द नॉर्स मुळाचा मानला जातो. हर्डविक जातीच्या काटक मेंढ्या फुटलेल्या जहाजातून पोहत किनाऱ्याला लागल्या, कोणी म्हणतं व्हायकिंगांच्या, कोणी म्हणतं स्पॅनिश आरमाराच्या, अशीही कथा आहे. तिला आधार नाही. हर्डविक हा शब्द बाराव्या शतकापासूनच्या कागदांत भेटतो, तो मेंढ्यांच्या कुरणासाठी.

गॉसफर्थचा दगड

नावांनंतर दगड. आणि दगडांत पहिला मान गॉसफर्थचा.

गॉसफर्थ हे पश्चिम किनाऱ्याजवळचं छोटं गाव. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मध्ये, लालसर वालुकाश्माचा एक बारीक, उंच क्रॉस उभा आहे. उंची सुमारे साडेचार मीटर. दहाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला. हजार वर्षं पाऊस झेलत तो आपल्या मूळ जागी उभा आहे. खालचा खांब गोल, वर जाता जाता तो चौकोनी होतो आणि टोकाला क्रॉसचं डोकं. गोल भागावर झाडाच्या सालीसारखी नक्षी आहे. नॉर्स पुराणात सगळं विश्व एका महावृक्षावर तोललेलं असतं आणि हा खांब तोच वृक्ष असावा, असं काही अभ्यासक मानतात.

चौकोनी भागाच्या पूर्व बाजूला येशू आहे. हात पसरलेले, पण मागे क्रॉसचं लाकूड नाही. पायाशी भाला घेतलेला शिपाई, आणि त्याच्यासमोर लांब झगा आणि केसांचा शेपटा असलेली एक बाई, हातात काहीतरी भांडं धरलेली. बायबल वाचलेला म्हणेल, ही मारिया माग्दालेना. नॉर्स गोष्टी ऐकत वाढलेला म्हणेल, ही तर पेयाचं शिंग घेऊन वीराचं स्वागत करणारी वाल्किरी. त्याच बाजूला वर एक माणूस अजस्र लांडग्याच्या जबड्यात पाय रोवून, वरचा जबडा हाताने फाडतोय. हा विदार. जगाच्या अंती फेनरिर लांडगा विदारचा बाप, देवांचा राजा ओडिन, याला गिळतो आणि विदार सूड घेतो.

पश्चिमेला खालच्या बाजूला लोकी आहे. देवांना दगा दिल्याबद्दल त्याला बांधून घातलंय आणि डोक्यावर विषारी साप टांगलाय. त्याची बायको सिगिन शेजारी बसून भांड्यात विष झेलतेय. भांडं भरलं की ते ओतायला तिला वळावं लागतं, तेवढ्यात थेंब लोकीच्या तोंडावर पडतात, तो तडफडतो आणि धरणीकंप होतो. दगडावर ही बाई जेमतेम वीतभर असेल. पण वाकलेली पाठ आणि पुढे केलेलं भांडं ओळखू येतं. देवांच्या, राक्षसांच्या, जगबुडीच्या चित्रांमध्ये कारागिराला नवऱ्यासाठी भांडं धरून बसलेली ही बाई कोरावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप आहे.

त्याच आवारात, एकाच खांबावर, येशू आणि लोकी कसे? उत्तर साधं असावं. धर्म बदलणाऱ्या लोकांना नवी गोष्ट जुन्या गोष्टीच्या शेजारी ठेवून सांगावी लागते. जुन्या देवांचं जग बुडतं, वाईटाचा पराभव होतो आणि त्या पलीकडे नवा देव उभा राहतो, असं हा खांब मांडत असेल. दुसरं असंही म्हणणारे आहेत की करवून घेणाऱ्या सरदाराला दोन्ही देव हवे होते. मला पहिलं पटतं, कारण माथ्यावर क्रॉस आहे. चर्चच्या आत याच काळातला एक तुटका दगड आहे, त्यावर होडीत बसून मासेमारी करणारे दोघं. थॉर नावाचा देव हिमिर राक्षसाबरोबर जगाला वेढणारा महासर्प गळाला लावतो, ती कथा. आणि आतच दोन हॉगबॅक आहेत. हॉगबॅक म्हणजे डुकराच्या पाठीसारखी बाक असलेली, बाजूंवर घराच्या कौलांसारखी नक्षी कोरलेली थडग्यावरची शिळा. ही तऱ्हा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या व्हायकिंगांनी इथेच घडवली. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये ती नाही.

या चित्रांचा अर्थ एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हता. तीस-चाळीस पिढ्या गावकरी या खांबाशेजारून प्रार्थनेला जात होते, आणि त्यांना हा लोकी, हा विदार, असं सांगणारं कोणी नव्हतं. १८८० च्या दशकात काही पाद्री आणि डॉक्टर मंडळींनी दगडावरची शेवाळ काढून, ठसे घेऊन, आइसलँडच्या जुन्या हस्तलिखितांशी ताडून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांतल्याच कॅल्व्हर्ली नावाच्या पाद्र्याने १८८७ मध्ये या क्रॉसची पूर्णाकृती प्रतिकृती ॲस्पाट्रियाच्या चर्चच्या आवारात उभी केली.

थडग्यांचं थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये कार्लाइलजवळ कमविटन इथे धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एकाला दोन लंबगोल ब्रूच सापडले. नॉर्स बायका पोशाखाच्या खांद्यांवर लावत तसे. पुरातत्त्वज्ञांनी खणलं तर सहा थडगी निघाली, चार पुरुषांची आणि दोन बायकांची. हाडं आम्लयुक्त मातीत विरघळून गेली होती. तलवारी, भाले, घोडेस्वाराच्या टाचेचे काटे, पिण्याच्या शिंगाचे अवशेष उरले होते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीची, जुन्या धर्माने पुरलेली माणसं. गॉसफर्थचा क्रॉस उभा राहिला तो यांच्या मुला-नातवांच्या काळात.

विसरलेला दगड आणि राक्षस

आता दंतकथांकडे वळू. पेनरिथ गावात सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात दोन उंच खांब आणि त्यांच्यामध्ये चार हॉगबॅक असा समूह आहे. गावात त्याला राक्षसाचं थडगं म्हणतात. हे थडगं ओवेन सीझेरियस नावाच्या महाकाय राजाचं, एक खांब डोक्याशी, एक पायाशी, म्हणजे राजा केवढा लांब ते बघा! आणि मधल्या चार शिळा म्हणजे त्याने मारलेली रानडुकरं.

अभ्यासकांच्या दृष्टीने हे वेगवेगळ्या माणसांच्या थडग्यांवरचे, दहाव्या शतकातले दगड आहेत आणि हॉगबॅक ही तर खास व्हायकिंग वस्तीची खूण. पण लोक विसरले. डुकराच्या पाठीसारखा दगड दिसला, डुकरं सुचली. लांब अंतर दिसलं, राक्षस सुचला. गंमत अशी की ओवेन हा राजा खरोखर होऊन गेला, त्याच काळात, कंब्रियाच्याच गादीवर. ९२७ मध्ये पेनरिथजवळच्या ईमंट इथे इंग्लंडचा राजा ॲथेलस्टनने उत्तरेकडच्या राजांना बोलावून मांडलिकत्व कबूल करवून घेतलं, ते याच ओवेनच्या हयातीत. आणि खिंडीतला डनमेल बहुधा याचाच मुलगा. बाप राक्षस झाला, मुलगा झोपलेला राजा झाला. व्हायकिंगांनी कोरलेला दगडसुद्धा लोकांनी ब्रिटनांच्या राजाला देऊन टाकला.

बाकीच्या भुतांची कुळकथा आणखी अलीकडची. विंडरमियर या इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या सरोवराच्या काठी क्लेफचा क्रायर, म्हणजे हाका मारणारं भूत, प्रसिद्ध आहे. वादळी रात्री पैलतीरावरून हाक आली, "नाव आणा!" नावाडी गेला आणि परतला तो पांढराफटक, वाचा गेलेला. काही दिवसांत मेला. काय पाहिलं ते त्याने कधीच सांगितलं नाही. हाका रोज यायला लागल्यावर सरोवरातल्या एका बेटावरच्या साधूने ते भूत बांधून क्लेफच्या रानातल्या एका खाणीत कोंडलं. सांगतात की हा फर्नेस मठातला एक साधू, एका बाईच्या प्रेमात वेडा होऊन मेलेला. खाणीचं नाव आजही सरकारी नकाशावर आहे, आणि त्याच घाटावरून आज गाड्या वाहून नेणारी फेरी चालते.

सरोवराच्या दुसऱ्या बाजूला कॅलगार्थच्या कवट्या. गरीब शेतकरी जोडपं, क्रास्टर आणि डोरथी कुक. बड्या जमीनदाराला त्यांची जमीन हवी. तो त्यांना नाताळाच्या जेवणाला बोलावतो, त्यांच्यावर चांदीचा पेला चोरल्याचा आळ घालतो, स्वतःच न्यायाधीश म्हणून बसतो आणि दोघांना फाशी देतो. डोरथी शाप देते. मग नव्या वाड्यात दोन कवट्या येतात. जाळा, पुरा, सरोवरात फेका, सकाळी पुन्हा कोनाड्यात. ही गोष्ट अक्षरशः घडली असं मानायला आधार नाही. पण छोट्या शेतकऱ्याला बड्या शेजाऱ्याची आणि त्याच्या हातातल्या न्यायाची किती धास्ती होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

साउदर फेलची फौज याहून वेगळी, कारण तिथे साक्षीदार आहेत. १७३५ च्या जूनमध्ये, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमाराला, डॅनियल स्ट्रिकेट नावाच्या शेतगड्याला डोंगरावरून सैन्य जाताना दिसलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १७३७ मध्ये त्याच संध्याकाळी विल्यम लँकेस्टर आणि त्याच्या घरच्यांना दिसलं. १७४५ मध्ये २६ जणांनी पाहिलं आणि शपथेवर सांगितलं. घोडागाड्यासुद्धा होत्या म्हणे, जिथे गाडी चढूच शकत नाही अशा कड्यावर. दुसऱ्या दिवशी वर जाऊन पाहिलं तर एक नाल उमटलेली नाही, शेणाचा पो नाही. पुढे स्पष्टीकरण दिलं गेलं की स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बंडखोर राजपुत्र चार्ल्सचं सैन्य कवायत करत होतं, त्याचं हवेतलं प्रतिबिंब दिसलं. तारखा जुळवल्या की हे टिकत नाही. चार्ल्स स्कॉटलंडला उतरला जुलै १७४५ मध्ये आणि त्याचं निशाण उभं राहिलं ऑगस्टमध्ये. जूनमध्ये सैन्यच नव्हतं. नोव्हेंबरात मात्र त्याने खरोखर कार्लाइल घेतलं, डिसेंबरात पेनरिथच्या दक्षिणेला चकमक झाली. साउदर फेलचं वर्णन छापून आलं ते १७४७ मध्ये, युद्ध होऊन गेल्यावर. ढग दिसले असतील, धुकं असेल, पण त्यांना सैन्याचं रूप चढवायला शेजारच्या खऱ्या सैन्याची आठवण पुरेशी होती.

आणि एक लाडका, कॅपलथ्वेट. वेस्टमोरलंडमधला, वासराएवढा काळा कुत्रा होणारं भूत. शेतावरच्यांना मदत करायचा, मेंढ्या हाकून आणायचा. एकदा मेंढ्यांबरोबर त्याने एक ससाही आणला. मेंढीच समजून त्याच्यामागे इतका धावला की यायला उशीर झाला. पुढे तो परक्यांना त्रास देऊ लागला म्हणून बीथमच्या पाद्र्याने त्याला बेला नदीत बांधून टाकलं. नावात थ्वेट आहे तेवढाच व्हायकिंग.

मग व्हायकिंगांचं भूत का नाही?

या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की एक सूत्र दिसतं. डनमेलचं राज्य गेलं, त्याच्या लोकांची भाषा तिथून नाहीशी झाली. आठव्या हेन्रीने १५३७ मध्ये फर्नेसचा मठ मोडला, साधू गेले. कुक जोडप्याची जमीन गेली. ज्यांचं काहीतरी हिरावलं गेलं आणि हिशेब चुकता झाला नाही, त्यांची भुतं झाली. डनमेलचा मुकुट, क्रायरची हाक, कोनाड्यातल्या कवट्या, सगळ्यांना काहीतरी परत हवंय.

व्हायकिंगांचं असं काही राहिलं नव्हतं. ते जिंकून निघून गेले नाहीत, हरून नाहीसेही झाले नाहीत. त्यांनी शेजाऱ्यांच्या मुलींशी लग्नं केली, देव बदलले, हळूहळू भाषा सोडली आणि निम्मे शब्द शेजाऱ्यांना देऊन ते कंब्रियन होऊन गेले. बाराव्या शतकातही कार्लाइलच्या कथीड्रलच्या भिंतीवर डॉल्फिन नावाच्या एका माणसाने रून या नॉर्स लिपीत खरडलंय की डॉल्फिनने या दगडावर ही अक्षरं लिहिली. ब्राइडकर्कच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडावर त्याच सुमाराला कारागिराने आपली सही केली, लिपी नॉर्स आणि भाषा इंग्रजी. अशी माणसं रात्री हाका मारत फिरत नाहीत. ती घरातच असतात. हा माझा तर्क आहे, पण नावं, दगड आणि गोष्टी तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

आपण व्हायकिंगांचे वंशज, हा अभिमान तर फारच नवा. १८४७ मध्ये विंडरमियरपर्यंत रेल्वे आली, पर्यटक वाढले, भुताच्या गोष्टी छापून विकल्या जाऊ लागल्या. क्रमिक पुस्तकातल्या डॅफोडिल्सच्या कवितेमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या वर्ड्‌स्वर्थनेही डनमेलच्या ढिगावर ओळी लिहिल्या आहेत. नॉर्स बाजू मात्र उजेडात आणली ती कॉनिस्टनला राहणाऱ्या डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड यांनी. १८९७ मध्ये ते आइसलँडला जाऊन आले, कंब्रियातला एकेक कोरीव दगड त्यांनी चितारला. पहिल्या महायुद्धानंतर ग्रासमियर आणि कॉनिस्टनची स्मारकं त्यांनी दहाव्या शतकातल्या क्रॉसांच्या धर्तीवर घडवून दिली.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे फिरायला जाणाऱ्या वाचकांसाठी थोडं. कमविटनच्या वस्तूंसाठी कार्लाइलचं टली संग्रहालय गाठा. पेनरिथचे दगड गावाच्या मध्यात आहेत, पाहायला पैसे लागत नाहीत. गॉसफर्थला जायचं तर वेळ निवडून जा. कोरीव काम उथळ आहे आणि भर दुपारी काही उमटत नाही, तिरपं ऊन हवं. येशू आणि विदार पूर्वेला, त्यांच्यासाठी सकाळ. लोकी आणि सिगिन पश्चिमेला, ती संध्याकाळकडे झुकणाऱ्या उन्हात चांगली दिसतात.